कमी किरणांचं बटण

सावकाशरावांना हे नाव त्यांच्या सासूबाईंनी दिलं. लग्नाचं बोलणं व्हायचं होतं त्या दिवशी ते चहाच्या वेळेला येणार होते, आणि ताटं वाढून झाल्यावर आले. उशीर का झाला असं विचारल्यावर म्हणाले, "वाटेत नवीन पूल लागला. त्याचे खांब कसे उभे केलेत ते बघत होतो." सासूबाईंनी त्यांचं ताट पुढे सरकवलं. ते गेल्यावर मुलीला म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. फक्त पोचायला हवा."

हे नाव आधी सासरी रुळलं, मग शेजाऱ्यांत, आणि एक शेजारी त्यांच्याच ऑफिसात असल्यामुळे ऑफिसात. सावकाशरावांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. फोन उचलला की ते स्वतःच सांगत, "सावकाश बोलतोय." पलीकडच्याला वाटे, हा माणूस आता हळूहळू बोलणार आहे. आणि ते खरंच निघे.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरचे दोन मजले. हॉस्पिटलांत सीटी स्कॅनची जी मशीनं असतात, त्यांना लागणारे प्रोग्रॅम तिथे तयार होत. सावकाशराव खिडकीजवळ बसत. उन्हाळ्यात खालून रबराचा वास येई आणि हिवाळ्यात तो बरा वाटे. त्यांच्याकडे काम होतं अहवाल छापण्याच्या प्रोग्रॅमचं. वर पेशंटचं नाव, त्याखाली तारीख, त्याखाली डॉक्टरांचं म्हणणं, आणि पान संपताना वाक्य अर्धवट तुटता कामा नये. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की ऑफिसात नवीन आलेल्यांना वाटे, ते छपाईच्या मशीनबरोबरच आले असावेत.

त्यांची बायको गावाबाहेरच्या हॉस्पिटलात स्कॅनच्या खोलीत काम करायची. पेशंटला टेबलावर झोपवायचं, काचेमागे जायचं, मशीन चालवायचं, चित्र बघायचं, पेशंटला उठवायचं. तिथे सगळे तिला ताई म्हणत. दिवसभर "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" सांगून तिच्या बोलण्यालाच तशी धार आली होती. घरीही ती त्याच आवाजात "ताट उचला, हात धुवा, बसा" म्हणे, आणि सावकाशराव तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने करत.

तिच्या हॉस्पिटलातलं मशीन सावकाशरावांच्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर चाले. घरात यामुळे एक कायमची तक्रार नांदत होती.

स्कॅनचं मशीन पेशंटभोवती फिरतं आणि सगळ्या बाजूंनी एक्स-रेच्या सावल्या टिपतं. त्या सावल्यांवरून आतलं चित्र तयार करणं हे काम कंप्युटरचं. कंपनीच्या प्रोग्रॅमात त्याच्या दोन पद्धती होत्या. जुनी पद्धत चटकन चित्र देई, पण तिला किरण जास्त लागत. नवी पद्धत थोड्या किरणांत भागवे. सावल्या पुसट आल्या तरी पुन्हा पुन्हा गणित करून ती चित्र स्वच्छ करून घेई. त्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात एक निळं बटण होतं. ते दाबलं की चित्र इतक्या वेळाने येई की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून रिसेप्शनवर भांडायला जात. आणि चित्र बघितल्याशिवाय आतल्या पेशंटला उठवता येत नसे, कारण तो हलला असेल तर सगळं पहिल्यापासून करावं लागे.

"लहान मुलांसाठी तर तेच बटण हवं," बायको जेवताना म्हणाली. "वाढत्या अंगाला किरण जितके कमी तितके बरे. पण दाबलं तर पोरगं टेबलावर रडतं, रडून झोपतं, झोपून उठतं, तरी तुमचं चित्र येत नाही. शेवटी मी जुन्याच पद्धतीने करते."

"तो विभाग माझा नाही," सावकाशराव म्हणाले.

"मला नवरा एकच आहे. मी तक्रार कुठे करू?"

सावकाशरावांनी घास संपवला, विचार केला आणि दुसऱ्या दिवशी ही तक्रार साहेबांना जशीच्या तशी सांगितली. साहेब म्हणजे त्यांच्या मजल्याचे प्रमुख. ते म्हणाले, अशा तक्रारी चहूकडून आल्यात, त्यावर उपाय निघालाय, आणि उपाय पुढच्या आठवड्यात खोक्यातून येतोय.

खोक्यातून आलं ते नवं कंप्युटर. त्याच्या प्रोसेसरमध्ये पुष्कळ कोअर होते. म्हणजे पूर्वी जिथे एक कामगार होता तिथे आता अख्खी पाळी भरेल एवढे. ते चालू केलं की पंख्यांचा आवाज दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाई. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, निळं बटण दाबलं, आणि सगळे उभे राहिले. थोड्या वेळाने काही जण बसले. मग सगळेच बसले. चित्र आलं तेव्हा जुन्या कंप्युटरपेक्षा जेमतेम लवकर आलं होतं.

"मशीन महाग आहे," साहेब म्हणाले.

त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

विकणाऱ्याने फोनवर सांगितलं की मशीन उत्तम आहे, तुमचा प्रोग्रॅम वाईट असेल. नव्या पद्धतीचं गणित ज्यांनी मांडलं त्या गणितवाल्या बाई तिथेच बसल्या होत्या. त्या आधी कॉलेजात शिकवत आणि अजूनही पेन खडूसारखा धरत. त्या म्हणाल्या, "गणितात चूक असेल तर दाखवा, मी आत्ता दुरुस्त करते." गणितात चूक नव्हती. मशीनमध्येही नव्हती. साहेबांना दोघांचं पटत होतं आणि त्यामुळे ते जास्तच अस्वस्थ होते.

"प्रोसेसर काम करतोय का, ते बघितलं का?" सावकाशरावांनी विचारलं.

"शंभर टक्के दाखवतोय."

"तो कामावर हजर आहे एवढंच त्यातून कळतं. काम करतोय का ते नाही कळत."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. ऑफिसातल्या सगळ्यांत संथ माणसाकडे वेगाचं काम द्यावं का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला होता. मग त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. बाकीचे आपापल्या चपला बघत होते.

"बघा तुम्ही," साहेब म्हणाले.

सावकाशराव बघायला बसले. प्रोसेसरच्या आतच काही मोजणी चालू असते. तो किती वेळ खरोखर आकडेमोड करतो आणि किती वेळ आकडे यायची वाट बघत थांबतो, हे त्यातून काढता येतं. त्यांनी ते काढलं. नवा महाग प्रोसेसर बहुतेक वेळ थांबून होता. सगळे कोअर आपापल्या जागी आकड्यांची वाट बघत बसले होते, आणि तेवढ्यासाठी पंखे फिरत होते.

का थांबतो, हेही त्यांना हळूहळू दिसायला लागलं. कंप्युटरची मोठी मेमरी प्रोसेसरच्या मानाने लांब असते. तिथून आकडा आणायचा म्हणजे प्रोसेसरच्या हिशेबाने बराच काळ जातो. म्हणून प्रोसेसरच्या अगदी लगत एक छोटी, चपळ मेमरी ठेवलेली असते. तिला कॅशे म्हणतात. लांबून एक आकडा मागवला की त्याच्या शेजारचे आकडेही बरोबर येतात आणि कॅशेत बसतात. पुढचा आकडा शेजारचाच लागला तर तो हाताशी तयार असतो. पण कॅशे लहान. नवीन आलं की जुनं बाहेर पडतं.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून सावकाशराव टेबलक्लॉथच्या चौकटींवरून बोट फिरवत होते. एक चौकट, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. टोकाला पोचले की पुन्हा वर, दुसऱ्या रांगेत. बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तिने काही वेळ सहन केलं.

"डाग पडलाय का?"

"नाही. चित्राचे ठिपके मेमरीत आडवे मांडलेत, या ओळीसारखे. आणि प्रोग्रॅम चालतोय उभा. एक ठिपका उचलतो, त्याच्याबरोबर आडव्या ओळीतले शेजारी फुकट येतात, हा त्यांच्याकडे बघत नाही. खाली उडी मारतो. पुन्हा एक उचलतो. परत वर येईपर्यंत ते पहिले शेजारी कॅशेतून गेलेले असतात. मग पुन्हा मागवतो."

बायकोने घडी अर्धी ठेवली. "म्हणजे मी एका पेशंटचं नाव बघायला तळमजल्यावर जायचं, सगळा गठ्ठा वर आणायचा, एक नाव वाचून गठ्ठा परत पाठवायचा, आणि दुसऱ्या नावासाठी पुन्हा खाली."

"हो."

"असं तुमच्याकडे किती वर्षं चाललंय?"

"पद्धत निघाल्यापासून."

"आणि मग जवळच जास्त जागा का नाही ठेवत?"

"जवळची जागा थोडीच असते. जास्त ठेवली की ती जवळ राहत नाही."

बायकोने आपल्या दोन खोल्यांकडे एकदा नजर फिरवली. "ते खरं आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सावकाशराव गणितवाल्या बाईंकडे गेले. दुसऱ्याच्या कामात हात घालायचा तर सांगून घालावा, असं त्यांचं मत होतं.

"माझं गणित बदलणार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"गणिताला हात लावत नाही. ते ज्या क्रमाने ठिपक्यांवरून फिरतं, तो क्रम बदलतो."

"बेरीज कुठूनही सुरू केली तरी तीच येते. मला काय त्याचं." मग त्या म्हणाल्या, "मी कधी असा विचारच केला नव्हता, की आकडे कुठेतरी राहतात. माझ्या लेखी ते फक्त असतात."

सावकाशरावांनी प्रोग्रॅम उभ्याचा आडवा केला. वेळ मोजली. खरी वाटेना म्हणून पुन्हा मोजली. मग ते खाली जाऊन चहा पिऊन आले आणि तिसऱ्यांदा मोजली. उत्तर तेच होतं.

त्यानंतर ते प्रोग्रॅमच्या एकेका कोपऱ्यात शिरले. प्रत्येक ठिपक्याबरोबर आणखी चार नोंदी बांधलेल्या होत्या: पडद्यावर त्याचा रंग काय असावा, तो कुठल्या थरातला, असल्या. त्या अगदी शेवटी एकदा लागत, पण ठिपका आला की त्याही त्याच्याबरोबर येत आणि कॅशेतली जागा अडवून बसत, लग्नघरी आधी आलेल्या आणि काही काम न करणाऱ्या पाहुण्यांसारख्या. सावकाशरावांनी त्यांची वेगळी सोय केली. मग त्यांनी चित्राचे लहान तुकडे पाडले, एक तुकडा कॅशेत मावेल एवढा, आणि त्या तुकड्यावरचं सगळं काम उरकल्याशिवाय पुढे जायचं नाही असं प्रोग्रॅमला लावून दिलं.

मग उरली कोअरची भानगड. प्रत्येक कोअर आपापल्या कॅशेत आपापली बेरीज करत होता, पण सगळ्यांच्या बेरजा मेमरीत एकमेकींना खेटून ठेवल्या होत्या. एकाने आपला आकडा बदलला की शेजाऱ्याच्या कॅशेतली प्रत शिळी ठरे आणि त्याला ती नव्याने मागवावी लागे. मग तो आपला आकडा बदले, आणि पहिल्यावर तीच पाळी येई. कुणाचं कुणाशी काही देणंघेणं नसताना सगळे एकमेकांना अडवत होते. म्हणून कामगार वाढवूनही काम वाढत नव्हतं. सावकाशरावांनी दोन बेरजांच्या मध्ये मोकळी जागा सोडली.

"ही जागा कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"कशासाठीच नाही. म्हणून तर सोडली."

या सगळ्याला बराच काळ लागला. साहेब रोज येऊन मागे उभे राहत आणि घड्याळ बघून जात. पण शेवटी सगळ्यांसमोर निळं बटण दाबलं तेव्हा बसायची वेळ कुणावर आली नाही. चित्र आलं. साहेबांना वाटलं, चुकून जुन्या पद्धतीचं आलं असावं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा आलं.

चाचणीही रीतसर झाली. अशा तपासणीसाठी कंपनीत एक स्कॅनचं मशीन होतं आणि पाण्याने भरलेला एक गोल डबा. तो स्कॅन करायचा आणि जुन्या प्रोग्रॅमचं चित्र नव्याच्या चित्राशी शेजारी ठेवून ताडून बघायचं. ताडलं. फरक नव्हता. साहेबांनी सावकाशरावांच्या पाठीवर थाप मारली आणि आपण असं काही केलं याचंच त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा कुठे लावून बघायचा, हे ठरवायला वेळ लागला नाही. सावकाशरावांच्या बायकोच्या हॉस्पिटलात. नियम असा होता की काही दिवस एकाच स्कॅनच्या सावल्यांवर जुना आणि नवा दोन्ही शेजारी शेजारी चालतील. डॉक्टर फक्त जुन्याचं चित्र बघतील आणि नव्याकडे स्कॅनच्या खोलीतले लोक नजर ठेवतील.

पहिल्याच दिवशी दुपारच्या आधी फोन वाजला.

"सावकाश बोलतोय."

"मी बोलतेय," बायको म्हणाली. "सकाळी एक काका आले होते. नव्या चित्रात त्यांचं हृदय उजवीकडे आहे. लिव्हर डावीकडे."

सावकाशरावांनी थोडा विचार केला. "असतात काही माणसं तशी जन्मापासून."

"असतात. मी एवढ्या वर्षांत एकच बघितलाय. पण आज सकाळपासून आलेले सगळे तसे कसे असतील?"

सावकाशराव खुर्चीतून उठले.

"वेग छान आहे," बायको म्हणाली. "मी नवा बंद केलाय. या तुम्ही."

ते बसने हॉस्पिटलात पोचले. एरवी ते बसच्या खिडकीतून एकेक दुकान वाचत जात. त्या दिवशी त्यांनी एकही पाटी वाचली नाही. स्कॅनच्या खोलीत बायकोने त्यांना स्टुलावर बसवलं आणि दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एकात हृदय जिथे हवं तिथे होतं. दुसऱ्यात आरशातल्यासारखं पलीकडे. दोन्ही चित्रं अतिशय स्वच्छ होती. चूक कुणाच्याही नजरेत भरावी इतकी ती स्वच्छ होती.

सावकाशरावांनी दोन्ही चित्रं पुन्हा एकदा ताडून बघितली. त्यांना आठवलं, ठिपक्यांची मांडणी बदलताना काम झाल्यावर ते परत जुन्या मांडणीत ओतावे लागत होते. तिथे ओळीच्या कुठल्या टोकापासून सुरुवात केली? चुकीच्या टोकापासून केली असणार. आणि कंपनीतला पाण्याचा डबा डावीकडून बघा की उजवीकडून, सारखाच दिसतो.

"कुणाच्या डाव्या फुप्फुसातली गाठ उजवीकडे दिसली असती," ते म्हणाले.

"दिसली नाही. डॉक्टरांनी जुनं चित्र बघितलं."

"पुढच्या महिन्यात फक्त नवंच असतं."

"हो."

ते स्टुलावर बसून राहिले. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. "मी साहेबांना सांगतो," ते म्हणाले, "की हे माझ्याच्याने होणार नाही. मी आपला अहवालच छापतो. त्यात फार तर वाक्य तुटेल, माणूस नाही."

बायकोने त्यांची समजूत घातली नाही. तिला ते जमतही नसे. तिने नव्या चित्रावर बोट ठेवलं. "हे बघा, ही कड. जुन्या पद्धतीला असली कड दिसायला किती किरण लागतात माहीत आहे? हे थोडक्यात झालंय. आणि मी पेशंटच्या अंगावरची चादर काढेपर्यंत चित्र समोर होतं. वेग आहे तसा राहू द्या. बाजू सुधारा." मग तिने दार उघडलं. "आता उठा. माझा पेशंट उभा आहे."

सावकाशराव उठले.

ऑफिसात परत गेल्यावर त्यांनी जे झालं ते सांगितलं. साहेब खुर्चीत टेकले. "तपासलं होतं ना आपण?"

"तपासलं होतं. डब्याला डावं-उजवं नसतं."

गणितवाल्या बाई उठल्या, खुर्ची ओढून सावकाशरावांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "दाखवा, कुठे परत ओतता." दोघांनी मिळून ती जागा शोधली. बाईंनीच ती आधी पाहिली. एका ओळीची चूक होती. "माझी असती तर मलाही सापडली नसती," त्या म्हणाल्या. आणि ते खरं असावं, कारण दुसऱ्याचं गणित त्या लाल पेनाने तपासत आणि स्वतःचं निळ्याने.

चूक दुरुस्त झाली, पण सावकाशरावांचं समाधान झालं नाही. त्यांच्या मते, जी तपासणी एकदा फसली तीच पुन्हा करून उपयोग नव्हता. ते घरी बायकोला म्हणाले, "डाव्या-उजव्याचं, वरच्या-खालच्याचं, पुढच्या-मागच्याचं वेगळेपण असलेली एखादी वस्तू हवी. आणि ती हलता कामा नये."

"पेशंट सोडून काहीही चालेल म्हणजे," बायको म्हणाली.

दोन दिवसांनी तिने एक पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. आत ऑपरेशनचा रबरी हातमोजा होता, उजव्या हाताचा. त्यात पाणी भरून मनगटाशी घट्ट गाठ मारली होती, अंगठ्याच्या टोकाला आत काचेची एक गोटी सरकवून तिथे दोरा बांधला होता, आणि सगळं एका पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने बसवलं होतं.

"याला अंगठा एकाच बाजूला आहे," ती म्हणाली. "बोटं वर, मनगट खाली. पुठ्ठा मागे. हा उलटा दिसला तर आंधळ्यालाही कळेल."

सावकाशरावांनी तो हात उचलून सगळ्या बाजूंनी बघितला. बराच वेळ बघितला. "हे आम्हाला सुचायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही रोज डबा बघता. मी माणसं बघते. पुठ्ठा आडवा धरा, नाहीतर पाणी गळेल."

त्यांनी तो बसमध्ये मांडीवर धरून ऑफिसात नेला. शेजारच्या बाईंनी पिशवीत डोकावून बघितलं आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली. पण कंपनीतल्या मशीनवर त्या हाताने आपलं काम चोख केलं. सावकाशरावांनी मुद्दाम आधीचा चुकलेला प्रोग्रॅम लावला, तर अंगठा उलट्या बाजूला आला. दुरुस्त केलेला लावला, तर आपल्या बाजूला. मग त्यांनी प्रोग्रॅमात वेगवेगळ्या ठिकाणी जाणूनबुजून चुका केल्या, आणि हाताने त्यातली प्रत्येक पकडली. त्या दिवसापासून ऑफिसात नवं काही तयार झालं की साहेब एकच विचारत, "हात दाखवला का?"

दुसऱ्या वेळी हॉस्पिटलात प्रोग्रॅम लावला तेव्हा सावकाशराव स्वतः गेले नाहीत. बायकोनेच नको म्हटलं होतं. ते खोलीत उभे राहिले की तिची वाट अडते. पुन्हा काही दिवस दोन्ही चित्रं शेजारी चालली, ती जुळली, डॉक्टरांनी सही केली. मग एका सकाळी बसचालकाची मुलगी आली. झाडावरून पडली होती आणि छाती दुखत होती. बापाला बाहेर थांबायला सांगितलं. मुलीने टेबलाकडे बघितलं आणि विचारलं, "हे दुखतं का?" ताई म्हणाल्या, "नाही. कंटाळा येतो." आणि निळं बटण दाबलं.

मुलीला कंटाळा यायला वेळ मिळाला नाही. बाप बाहेर बाकावर जागा करून बसतो न बसतो तोच दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली. त्याला वाटलं, मशीन बिघडलं असावं. त्याला तसं नाही हे पटवण्यात स्कॅनपेक्षा जास्त वेळ गेला. बरगडीला बारीक चीर होती, बाकी सगळं ठीक होतं.

सावकाशरावांचा फोन वाजला.

"सावकाश बोलतोय."

"डावीकडे आहे," बायको म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

सावकाशरावांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. गणितवाल्या बाईंनी विचारलं, काय झालं. "काही नाही," ते म्हणाले, "सगळं जागच्या जागी आहे."

पुढे जे व्हायचं ते झालं. स्कॅन लवकर होतात म्हटल्यावर हॉस्पिटलाने दिवसाला जास्त पेशंट घ्यायला सुरुवात केली, आणि ताईंना पूर्वी चित्राची वाट बघताना पाय पसरायला जी फुरसत मिळे ती गेली. त्याबद्दल त्या घरी बोलल्या. सावकाशरावांनी मान्य केलं की याचा विचार कुणीच केला नव्हता. मग ताई हॉस्पिटलच्या वरिष्ठांकडे गेल्या आणि मदतीला आणखी एक माणूस मिळाल्याशिवाय खाली उतरल्या नाहीत. त्या नेमकं काय बोलल्या ते कुणी सांगत नाही.

कंपनीने रबरी हाताची नक्कल करून घेतली, चांगल्या टिकाऊ प्लास्टिकची. पण नवीन लागलेल्या लोकांना त्याचं महत्त्व कळेना. ते त्याच्यावर टोप्या अडकवत. तेव्हा साहेबांनी ताईंना बोलावलं, की एक दिवस येऊन या लोकांना चित्र कसं बघतात ते सांगा. ताई सुट्टी काढून आल्या. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, प्रत्येकाला आपल्याच छातीवर हृदयाच्या जागी हात ठेवायला लावला आणि पडद्यावर एकेक चित्र दाखवत विचारलं, यात काय खटकतं. चुकलेल्याला त्या रागावल्या नाहीत. फक्त, "हा तुझा काका आहे असं समज आणि परत बघ," एवढंच म्हणाल्या. सगळे परत बघत होते.

सावकाशराव मागच्या रांगेत बसले होते. शेजारच्या नव्या पोरीने त्यांच्याकडे वाकून हळूच विचारलं, "त्या बाई भारी आहेत. कुठल्या विभागातल्या?"

"हॉस्पिटलातल्या."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांचा नवरा," सावकाशराव म्हणाले.

तेवढ्यात पुढून ताईंचा आवाज आला, मागे कोण बोलतंय, आणि दोघंही गप्प बसले.

दुपारी साहेबांनी ताईंना विचारलं, कायमच्या याल का इथे. त्या नाही म्हणाल्या. इथे बसून मान अवघडते आणि उद्या सकाळचे पेशंट ठरलेत, असं त्यांनी कारण दिलं. जिना उतरताना त्यांनी नवऱ्याला येताना साबण आणायला सांगितलं. सावकाशराव पुन्हा खिडकीशी येऊन बसले. त्यांचं नाव ऐकून रक्त तपासणीच्या एका प्रयोगशाळेतून एक नवा प्रोग्रॅम आला होता आणि तो दिवसभर नुसता घुटमळत होता, अशी तक्रार होती. त्यांनी तो उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.